घर नंबर सदतीस

वासणा, बडोदे
१२ जानेवारी २०००

प्रिय अहो,

पंचावन्न वर्षांची झाले तरी कागदावर तुमचं नाव लिहायला हात धजत नाही, तेव्हा 'अहो'वरच भागवून घ्या.

इकडे सगळं छान आहे. शेजारच्या कोकिलाबेननं हांडवो पाठवला, तो दोन वेळा पुरला. गुडघाही सध्या कुरकुरत नाही. पण पुस्तकाच्या नव्या आवृत्तीसाठी तुम्ही पुण्याला गेलात आणि सर्व्हेच्या जुन्या फॉर्मांचा गठ्ठा पाठव म्हणून फोन केलात, तेव्हापासून मी तो बांधलेलाच ठेवला होता. कारण त्या गठ्ठ्यात माझ्या माहेरच्या घराचा फॉर्म आहे आणि त्यातली कमाई खोटी आहे. पाणीगेटच्या दोनशे घरांत कोण किती कमावतं, वरच्या आणि खालच्या घरांत अंतर किती, यावर तुमचं नाव झालं. त्यात आम्ही भेसळ केली, हे मला छत्तीस वर्षं डाचत आलं.

चौसष्ट सालचा तो मंगळवार आठवतो ना? मांडवीचं एक स्थळ त्याच आठवड्यात मला बघायला येणार होतं. तुम्ही छत्री आणि फाइल घेऊन दारात उभे राहिलात आणि आईनं तुम्हालाच नवरा मुलगा समजून आत घेतलं. बिचारीचं तरी काय चुकलं? तुम्ही विचारलंतही तेच: माणसं किती, मुली किती, वय काय, शिक्षण किती, घर स्वतःचं का. बसायला शेजारच्या शांताबेनची खुर्ची मागच्या दारानं आली. मी हिरवं पातळ नेसून चहा आणला, तर तुम्ही मान वर न करता माझं वय लिहून घेतलंत! महिन्याची आवक विचारलीत तेव्हा आईनं छातीठोकपणे पाचशे सांगितले. रेडिओ दुरुस्तीला गेलाय म्हणाली. आमच्याकडे रेडिओ कधी नव्हताच. आजोबा गायकवाडी फौजेत घोडेस्वार, आणि त्यांच्या मुलाला गिरणीच्या फाटकावर उभं राहून एकशे दहा रुपये मिळतात, हे ती परक्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगणार? मग तिनं उलट तुमचाच पगार विचारला. पंचाहत्तर, तेही तीन महिन्यांपुरते, हे ऐकल्यावर दुसरा कप काही तुम्हाला मिळाला नाही.

महिन्याभरानं तुम्ही फाइलशिवाय आलात, तेव्हा बाबांनी लगेच हो म्हटलं, आईनं तोंड वाकडं करून. पुढे जावई प्रोफेसर झाल्यावर तीच गल्लीभर मिरवायची. सर्व्हेवाल्याला कसं बनवलं, हे मात्र शेवटच्या आजारपणातही माझ्या कानात सांगून हसायची. मी हसायची आणि घरी येऊन तुमच्यापासून लपवायची.

काल गठ्ठा सोडला. सदतीस नंबरचा फॉर्म काढला. पाचशेवर तुमच्या पेन्सिलीची रेघ आणि समासात बारीक अक्षरात: आकडा खरा वाटत नाही. चहा गुळाचा. घर वगळले. मी आधी हसले आणि मग पदर डोळ्याला लावला. साखरेला पैसे नाहीत हे तुम्हाला पहिल्या घोटालाच कळलं होतं, आणि इतक्या वर्षांत तुम्ही आईला एका शब्दानं कमीपणा आणला नाहीत. तुमच्यावर जीव होताच, काल आणखी जडला.

पण म्हणजे तुमच्या पुस्तकात आमचं घरच नाही! बाबांनी एकशे दहा रुपयांत पाच माणसं पोसली, मला मॅट्रिक केलं, आणि ते कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून गठ्ठ्यासोबत हे पत्र. एका कोऱ्या फॉर्मवर मी सदतीस नंबर पुन्हा भरलाय, माझ्या हातानं. कमावणारे एक, खाणारे पाच, आवक एकशे दहा, रेडिओ नाही. सगळ्यात खालच्या रांगेत बसेल; बसू दे. या वेळी आमचं घर घ्या.

तुमचीच,
विजयमाला