गिअर बदलताना फाट्

डिचोली, मंगळवार, ६ ऑक्टोबर १९८७

कालपर्यंत मीच बरोबर, असं वाटत होतं मला. मामाच्या टॅक्सीचा गिअर बदलला की सायलेन्सरमधून फाट् व्हायचं. पेट्रोल जास्त जात असलं की असा आवाज येतो, हे मी इंग्रजी मासिकात वाचलेलं. गेल्या आठवड्यात गॅरेजात सगळ्यांसमोर तेच ठोकून दिलं.

गॅरेजवाला बाबल मेस्त गाडीखालूनच म्हणाला, "बाय, कार्बोरेटराक हात लावू नको. सायलेन्सराचो जॉइंट ढिलो झालो असा. रेसवरचो पाय काढलो काय थंयसून वारो आत जाता, आणि उरलला पेट्रोल पाइपात पेटता."

मी हसले. "पुस्तकात असं नाहीये," असं चक्क इंग्रजीत म्हटलं. मामा खूश. "गोवा राज्य झालां, आता आमची भाची इंजिनियर!" पेट्रोल कमी करायला त्याने कार्बोरेटरचा स्क्रू मलाच फिरवायला दिला.

आज धारगळच्या चढावर गाडी पॅसेंजरांसकट आणि माझ्यासकट बंद पडली. तोवर फाट् होतंच. बाबल आला. स्क्रू पूर्ववत केला, जॉइंटला नवीन पॅकिंग घातलं. फाट् गेलं. हात पुसले. निघताना मला एवढंच म्हणाला, "झाला, मॅडम."

मॅडम! नटबोल्टचे पाने ओळखायला त्यानेच शिकवलं मला. तेव्हापासून मी त्याची बाय, लाडकी पोर.

उद्या जाऊन चूक कबूल करायची. 'सॉरी' पटकन येतं तोंडात, पण ते परत इंग्रजीच. डायरी, तूच सांग, काय म्हटलं तर तो मला पुन्हा बाय म्हणेल?