बाबांची नजर सुधारत आहे

३ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून नियम. नेटवर दिसेल ते खरं मानायचं नाही. जो ओरडून सांगतो तो बाद. जो शेवटी बाटली विकतो तोही बाद.

बाबांना काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, थेंब जन्मभर घालायचे. जन्मभर म्हणजे औषध लागू पडत नाही, असा सरळ अर्थ होतो. एक पांढऱ्या कोटातले गृहस्थ मात्र व्हिडिओत शांतपणे समजावतात की थेंबांनी डोळा आळशी होतो. खाली लिहिलेल्या मजकुरात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. असा माणूस थापा मारणार नाही.

४ फेब्रुवारी
थेंब बंद. गार पाण्याचे हबके, डोळ्यांवर तळवे, बुबुळं गोल फिरवणे. बाबा नाही म्हणाले नाहीत. ताईला कळवलेलं नाही. सासरी तिला उगाच घोर नको.

१२ फेब्रुवारी
पुराव्याशिवाय बोलायचं नाही, म्हणून अक्षरांचा तक्ता छापून आणला. पुढच्या खोलीत, बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या भिंतीवर लावला. बाबा स्टुलावर, एक डोळा झाकून. खालच्या ओळींना अडखळले. चुकलेली अक्षरं मी प्रेमाने सांगितली. रोज घ्यायचं.

२० फेब्रुवारी
खालून दुसरी ओळ बिनचूक. हातच्या कंकणाला आरसा कशाला?

१ मार्च
बाबांनी आज एक बारीक लेडीज घड्याळ न उघडताच माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, आता तू शीक. इतकी वर्षं मला सेल आणि पट्टे यांच्यापलीकडे हात लावू दिला नव्हता. माझ्यावरचा विश्वास वाढलेला दिसतो.

९ मार्च
ताई आली. बाबा दाराच्या चौकटीला धडकले आणि चहा कपाबाहेर ओतला, एवढ्यावरून तिने घर डोक्यावर घेतलं. थेंबांचं कळल्यावर तर विचारू नका. विज्ञानात काठावर पास झालेल्याने डॉक्टरकी करू नये, म्हणाली. मी वाद घातला नाही. बाबांना स्टुलावर बसवलं. सगळा तक्ता घडाघडा. ताई संध्याकाळी परत गेली. पुराव्यापुढे मोठ्या बहिणीचंही चालत नाही.

१५ मार्च, दुपारी
तक्ता मळला म्हणून लॅमिनेशनला दिला होता. ते विसरून सवयीने म्हटलं, बाबा, वाचा. बाबा बसले, डोळा झाकला आणि कोऱ्या भिंतीकडे बघत सगळ्या ओळी म्हणून दाखवल्या.

स्मरणशक्तीही सुधारली आहे. हा फायदा व्हिडिओत सांगितलेला नव्हता.

१५ मार्च, संध्याकाळी
स्मरणशक्तीचं सांगायला ताईला फोन केला. बोलता बोलता कोऱ्या भिंतीचंही निघालं. काय झालं ते तिनेच ओळखलं. उद्या येते म्हणाली.

१७ मार्च
डॉक्टर रागावले नाहीत. थेंब कधी बंद केले, एवढंच विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, मीच कंटाळा केला. ताईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

डावा डोळा गेला. उजव्याला नळीतून पाहिल्यासारखं थोडं दिसतं, तेही धूसर. गेलेलं परत येत नाही. थेंब होते ते उरलेलं राखायला. हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, असं ताई म्हणते. सांगितलं होतं.

घरी आल्यावर बाबांना विचारलं, दिसत नव्हतं तर पाठ कशाला केलंत?

"तू इतक्या आशेने विचारायचास रे."

१८ मार्च
थेंब पुन्हा सुरू. घालायचं काम मी मागून घेतलं. ताई आधी नको म्हणाली, मग बाटली माझ्या हातात दिली. बाबांनी मान मागे टेकवली. माझा नेम चुकला आणि थेंब गालावरून कानाकडे ओघळला.

"पडला. बरोबर डोळ्यात पडला," बाबा म्हणाले.

मी गाल पुसला. दुसरा घातला.