गोठ्यातला कंदील

हट्टा, मंगळवार, १२ जानेवारी १९४३

डोकं अजून तापलेलंच आहे. जेवताना भावाच्या सुनेला विचारलं, "सुमन, पोट साफ होतं का गं? रंग कसा असतो?" पोरगी महिनाभर पोट धरून बसते, चार घास खाऊन उठते. विचारायचं नाही? भाऊ म्हणाला, "आक्का, जेवताना हे काहून? लाज हाय का न्हाई?"

लाज. हाच माणूस रोज पहाटे कंदील घेऊन गोठ्यात जातो आणि म्हशीचं शेण काठीने उकरून बघतो. पातळ दिसलं की त्याच दिवशी चारा बदलतो.

मागाहून सुमन जवळ येऊन पुटपुटली, "आत्याबाई, आमी बाया अंधारातच परसाकडं जातो. रंग कुठला दिसतो? परवा उजाडलं होतं तवा दिसला. काळाभोर, डांबरावानी."

जन्मभर नर्सची नोकरी केली मी. डांबरासारखं म्हणजे आत कुठेतरी रक्त झिरपतंय. कधीपासून? तिलाच ठाऊक नाही. आणि सासू एरंडेल पाजते आहे!

भावाला म्हटलं, उद्या गाडी जुंप, हिला वसमतच्या डॉक्टरला दाखवते. "बघू. कामाचे दिवस हायत." म्हशीला हे कधी ऐकावं लागलं नाही.

गोठ्यातला कंदील काढून उशाशी ठेवला आहे. पहाटे सुमनबरोबर मी जाईन, माझ्या डोळ्यांनी बघेन आणि तशीच तिला कंदिलासकट गाडीत बसवेन. कंदील हवा असेल तर भावाने वसमतला यावं.