फुगल्या गालाचा ट्रम्पेटवाला

ती. आत्या,

तुझ्या दोन्ही पायांना (दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूने जरा हळूच) नमस्कार. आतोबांचा खोकला थांबला का? इकडे माझी बोटं सोडली तर सगळं ठीक आहे.

बोटांचं असं झालं, की माझे लाडके ट्रम्पेटवाले (ज्यांची रेकॉर्ड लागली की आमचे हे गॅलरीत जाऊन बसतात) आमच्या इथे कार्यक्रमाला येणार असं कळलं. बाकीचे फुलं देणार. म्हटलं, आपण त्यांचा बाहुलाच करून द्यावा. फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा. कापायला सोपं, कडा उसवत नाहीत, असं दुकानदार म्हणाला. सुई कापडापेक्षा बोटात जास्त जाते, हे मात्र बोलला नाही. कोट झकास बसला, सोनेरी कागदाचा ट्रम्पेटही जमला. घोळ झाला तो गालांत. वाजवताना त्यांचे गाल फुगतात, म्हणून मी कापूस ठासत होते, तेवढ्यात फोन वाजला आणि राहिलेला डावा गाल ह्यांनी भरला. उशी भरावी तसा! उसवायला जावं तर कानही हातात येणार. म्हटलं, राहू दे, लांबून कुणाला कळतंय!

कार्यक्रमाला गेले तर साहेब स्टेजवर आले तेच डावा गाल टम्म सुजवून. दाढ! दोन गाणी कशीबशी वाजवली आणि हात जोडून आत गेले. मी पडले दातांच्या दवाखान्यातली, मला राहवतंय का? तडक आत घुसले. मदतीलाच गेले होते गं, पण घाईघाईत मॅनेजरच्या हाती आधी बाहुलाच पडला. त्याने एकदा बाहुल्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे.

"माणूस इथे तळमळतोय आणि तुम्ही त्याची थट्टा शिवून आणता? कुणी केलं हे?"

मी प्रसंगावधान राखून उत्तर दिलं (काय दिलं, ते इथे महत्त्वाचं नाही). तोवर साहेबांनी बाहुला घेतला आणि हसायलाच लागले. हसले की दाढ ठणकायची, ठणकली की कळवळायचे, नजर बाहुल्यावर गेली की पुन्हा हसायचे. "बाई, लपवा हो ह्याला!" डोळे पुसत म्हणाले. पण देईनात. मी आमच्या डॉक्टरांना घरून दवाखान्यात बोलावून घेतलं, साहेबांना तिथे नेऊन दाढ काढवली. तेवढा वेळ साहेबांनी बाहुल्याची मान अशी आवळली होती की तोच भूल घेतल्यासारखा दिसत होता. आत्या, माझ्या कष्टाचं चीज झालं बघ.

बाकी विशेष नाही. गुडघ्याला जप.

तुझीच,
भाची

ता. क. मॅनेजरला मी सांगितलं, "माझ्या आत्याने केलाय." तू तिकडे लांब, तुझ्यावर कशाला ओरडायला येतोय, असा साधा विचार होता.

ता. क. २ साहेबांना आता सगळ्या साथीदारांचे बाहुले हवेत. पुढच्या आठवड्यात दाढेची जखम दाखवायला दवाखान्यात येतील, तेव्हा "त्या कलावंत बाईंना" भेटणार म्हणतात. तर लगेच निघ. तू जन्मात बटण लावलेलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण चष्मा लावून गप्प बसलीस की तू अगदी तशी दिसतेस.

ता. क. ३ ढोलवाले अंगाने बरेच भरलेले आहेत. येताना एखादी जुनी गादी आण.