कोड पंचावन्न आणि माझी खोली

मंगळवार, ४ मार्च. सकाळी १०.५०
वेळ मुद्दाम लिहून ठेवते, कारण अन्याय याच मिनिटाला झाला. ग्रंथालयाचा सर्व्हर सुरू होईना, आणि सेक्रेटरींनी फोन केला तो कुरळीला. मी तिथेच काउंटरला टेकून उभी! एकोणीस वर्षं त्या यंत्राची उस्तवार मी केली. निवृत्त होऊन चौदा महिने झाले नाहीत, तर मी मासिकं चाळायला येणारी कुणीतरी बाई झाले.
कुरळी म्हणजे माझ्या जागी आलेली. केस तसे, डोकंही तसंच.

दुपारी ३
सर्व्हर सुरू होताना आधी स्वतःची तपासणी करतो आणि जिथे अडेल तिथला दोन आकडी कोड आतल्या छोट्या चौकटीत लाल अक्षरांत दाखवतो. मला सगळे कोड तोंडपाठ. कुरळी मोबाइलमध्ये बघते. आज कोड ५५. ती म्हणाली, "त्याला मेमरीच सापडत नाहीये." सेक्रेटरी म्हणाले, "वा मॅडम, लगेच ओळखलंत!" मॅडम! मला एकोणीस वर्षं "अहो बाई."
मी सांगितलं, ५५ असो नाहीतर ९९, दोष पॉवर सप्लायचा आहे. अनुभव म्हणून काही असतो की नाही?
मत्सर माझ्या स्वभावातच नाही. कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी तो दुसरीतच काढून टाकला.

बुधवार, ५ मार्च
निश्चय: ग्रंथालयात पाऊल टाकायचं नाही. गरज पडली की बोलावतील.
सकाळी ९.४०. पोचले. मासिक परत करायचं होतं.
माझ्या आग्रहावरून पॉवर सप्लाय बदलला. कोड ५५. म्हणजे नवाही खराब निघाला. हल्ली मालच असा येतो.
पुस्तकांच्या नोंदी हाताने चालल्यात, रांग दारापर्यंत. कुरळीने विचारलं, "काकू, सर्व्हरच्या खोलीत कुणी आलं होतं का? आतली धूळ एकदम साफ दिसतेय." मी म्हटलं, दिसणारच. जगात एखाद्याला तरी धूळ दिसते.

गुरुवार, ६ मार्च
ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोमवारी तूच गेली होतीस ना, किल्ली घेऊन?"
गेले होते. त्यात लपवण्यासारखं काय आहे? सुट्टी होती, सर्व्हर बंद होता, आणि माझ्याकडची किल्ली परत मागायचं कुणाला सुचलेलं नाही. त्या खोलीत आजही माझ्याइतकं कुणाला काय कळतं? मेमरीच्या चारही पट्ट्या काढल्या, मऊ फडक्याने पुसल्या आणि जागच्या जागी ठेवल्या. अगदी अलगद. दाबादाबी करायची माझी पद्धत नाही.
हे म्हणाले, "सांगून टाक तिला." मी म्हटलं, सांगण्यासारखं काही असतं तर सांगितलं नसतं का? मग ह्यांना भाजी निवडायला बसवलं.

शुक्रवार, ७ मार्च. सकाळी ११.१५
कुरळीने झाकण काढलं आणि एकेक पट्टी अंगठ्याने दाबली. टक. टक. टक. टक. कोड भराभर पुढे सरकले, पडदा उजळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चारदा अंगठा दाबला म्हणून टाळ्या! माझ्या काळात सर्व्हर अडायचाच नाही. मग टाळ्या कुठून मिळणार?
वर मला म्हणते, "काकू, थँक्यू हं. कपाटात तुमची जुनी वही सापडली. त्यात लिहिलंय, 'कोड ५५: पट्ट्या टक आवाज येईपर्यंत दाबणे.' काय सुंदर अक्षर आहे तुमचं!"
माझ्याच अक्षरात शहाणी झाली आणि टाळ्या मात्र तिला.
सेक्रेटरी हळूच म्हणाले, "बाई, तेवढी किल्ली आणून द्याल ना?"

शनिवार, ८ मार्च
किल्ली द्यायची नाही, असं ठरवून उठले. खुंटीवर किल्ली नाही. हे फिरायला गेले तेव्हाच देऊन आले. म्हणे, "तुला जड गेलं असतं."
कमिटीला पत्र लिहायला घेतलं. तीन पानं झाली, फाडली. एवढंच ठेवलं:
"यापुढे सर्व्हर अडला तर फोन कुणाला करणार, हे शुक्रवार दि. १४ मार्च, सायंकाळी पाचच्या आत लेखी कळवावे. तोंडी निरोप चालणार नाही. मी घरीच असते."