तेरा नंबरचं घर

३ तारीख

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

चुका पोटात घाला. दोन बोटांनी टाइप करते, त्यात शाळा नववीतच सोडलेली. वर्गात तोंड उघडायला नको म्हणून सोडली. आता सरकारी रहिवासी नोंदणीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांत आहे. ते सगळ्यांना खुलं असतं, कुणीही घरबसल्या हातभार लावायचा. बोलावं लागत नाही, म्हणून पहिल्यांदा कुठेतरी टिकलेय.

चाचणीसाठी मी खोटी माणसं बनवली होती. सोमवारी खरं काम सुरू होणार, त्याआधी ती पुसायची. एक तुमच्या ऑफिसच्या यादीत राहिलीय. मी तिला चाचणीबाई म्हणते. डावखुरी, बटणं लावायचं काम करते, तुमच्या गल्लीत तेरा नंबरला राहते. घरं बाराच, म्हणून मुद्दाम तेरा. पुसायला दोघांची संमती लागते. माझी दिलीय, दुसरी तुम्ही द्या ना.

लोभ आहेच, कामही करा.
तुमची भाची

५ तारीख

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

समोर आलीस की दातखीळ बसते आणि लिहायला लागलीस की थांबत नाहीस!

संमती देणारच होतो, तेवढ्यात खिडकीवर एक बाई आली. रहिवासी दाखला हवा म्हणाली. पत्ता तेरा नंबर. सही डाव्या हाताने. वाटलं, तूच कुणाला तरी पाठवून मामाची फिरकी घेतेयस. जेवणाच्या सुट्टीत जाऊन पाहिलं. बाराच्या पुढे भिंत होती, रोज मी तिथे सायकल टेकवतो. आता दार आहे. आत खाटेवर शर्टांचा ढीग. तिने पाणी दिलं. मग विचारलं की, नोंदीत माझ्या माणसांचा रकाना कोरा कुणी ठेवला, घर फार सामसूम वाटतं.

मामीला बोललो नाही. संमती देऊ का? हात धजत नाही.

घाबरू नकोस, लोभ आहे.
तुझा मामा

६ तारीख

ती. मामांना,
सा. न.

देऊ नका! मी कुणाला पाठवलं नाही, आईशपथ. रकाना मीच कोरा ठेवला, कंटाळा आला म्हणून. बाकीची एकोणचाळीस गेल्या आठवड्यात पुसली. त्यांत एक तान्हं बाळ होतं. दुसरी संमती अर्ध्या मिनिटात आली होती.

तुम्ही थांबून भागणार नाही. आजच कळलं, चाचणीचा शिक्का असलेली नोंद सोमवारी संमतीशिवायही आपोआप पुसली जाते. म्हणून मी तिचा शिक्काच काढला. आमच्यात कुणी काय बदललं ते सगळ्यांना दिसतं. खोटं माणूस खरं केलं म्हणून मला काढतीलच, दुपारपासून विचारतायत. काय सांगू? ती पाणी देते, एवढंच लिहिलंय.

लोभ आता जरा जास्त लागेल.
तुमची भाची

ता. क. आपल्या मांजरीला तीन पिल्लं झाली, दोन काळी.