सातवी-ब ची चिठ्ठी

३ जुलै, सोमवार
मुख्याध्यापिकाबाईंनी आज स्पष्टच सांगितलं : महिनाअखेरच्या चाचणीत सातवी-ब सुधारली नाही, तर गणित नव्या बाईंकडे जाईल. हे घरी सांगायला कोणी नाही, म्हणून ही वही. अठ्ठावीस वर्षं शिकवते आहे मी!
उपाय त्यांचाच. तास संपताना प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, आज काय समजलं नाही. त्यावरून मी उद्याचा तास ठरवायचा. ठीक. नियम मात्र माझे. चिठ्ठीवर नाव हवं. ज्याला समजलं नाही, त्याने शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबायचं.

४ जुलै
अपूर्णांकांचा भागाकार. बत्तीसपैकी एकतीस जणांना समजला नाही. सगळ्यांना थांबवलं.

५ जुलै
‘समजलं नाही’ : फक्त एक. एका दिवसात तीस मुलं सुधारली! मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं. नुसत्या बघत राहिल्या. कौतुक करायचं लोकांच्या जिवावर येतं.
उरली ती खिडकीजवळची मुलगी. थांबली.

१० जुलै, रात्री ८
धाकट्या बहिणीचा फोन. चिठ्ठ्यांचं सांगितलं तर हसत सुटली. म्हणे, ताई, तुझ्यासमोर ‘समजलं नाही’ म्हणायची हिंमत मला अजून होत नाही. तिला शिक्षणातलं ओ की ठो कळत नाही. दोन मिनिटांत फोन ठेवला.

१४ जुलै
खिडकीजवळची रोज थांबते. तोच भागाकार. आज फळ्यावर माझी चूक झाली, तर हळूच म्हणाली, बाई, खाली सहा हवेत. कच्च्या मुलीला हे बरं दिसलं!
तिची आई सातला घरी येते म्हणे. अर्ध्या तासाचा एक तास केला. केवळ तिच्या भल्यासाठी.

२० जुलै
निश्चय : उद्यापासून तिला अर्धाच तास. लाड नकोत.

२१ जुलै
सव्वा तास.

२८ जुलै
चाचणी. पास चार. पेपर भलताच अवघड होता.
खिडकीजवळचीला पैकीच्या पैकी. बोलावून विचारलं, सगळं येत होतं, तर रोज ‘समजलं नाही’ का लिहायचीस? म्हणाली, बाई, घरी कोणी नसतं. आणि तुम्हालाही घरी जायची घाई नसायची.
खोटं लिहिल्याबद्दल तिला सक्त ताकीद दिली. मग दोघी तासभर बसलो. गणित काढलंच नाही.

३१ जुलै
नव्या बाई म्हणतात, चिठ्ठीवर नाव नको आणि कोणाला थांबवायचंही नाही. करा म्हटलं.
सोपवलं : हजेरीपट एक. गुणांची वही एक. चिठ्ठ्यांचे गठ्ठे चार. मुलं बत्तीस, त्यांपैकी खिडकीजवळची भागाकारात फार कच्ची, शाळा सुटल्यावर थांबवणे आवश्यक. नव्या बाईंनी तिचे गुण पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. सही केली.